मास्तरांच्या नावाचं मैदान

आनंदीबाईंचं काळीज दगडाचं आहे, यावर पाणंदवाडीत सगळ्यांचं एकमत होतं. एरवी या वाडीत एकमत व्हायचं म्हणजे देवाला कौल लावावा लागतो, आणि कौल मिळाला तरी निम्मे लोक कुरकुरतच घरी जातात. पण जयराम मास्तर गेले तेव्हा त्यांच्या बायकोच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, हे सगळ्यांनी स्वतः पाहिलेलं. बाराव्याला नाही, वर्षश्राद्धालाही नाही. मास्तरांची थोरली बहीण अक्का, ऐन तरुणपणी कपाळ पांढरं होऊन भावाकडे येऊन राहिलेली. ती दोघींच्या वाटणीचं रडली. तिला पाणी पाजायला, पाठीवरून हात फिरवायला आनंदीबाईच उठायच्या, आणि भेटायला आलेल्या बायका पदराआडून एकमेकींकडे बघायच्या.

"रडान घे गो एकदा," अक्का म्हणायची. "आतल्या आत कुसतलंस."

"रडणां येवक होयां मा, अक्का," असं म्हणून आनंदी भात उतरवायला उठायची.

खरं तेच होतं. तिला रडू दाबावं लागत नव्हतं, कारण आत दाबण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सकाळी उठायचं, पेज शिजवायची, अक्काला वाढायचं, शाळेत जाऊन पाढे म्हणून घ्यायचे आणि परत यायचं. वेंगुर्ल्याला दिलेली मुलगी माहेरपणाला आली की हसणं-बोलणं सगळं जागच्या जागी व्हायचं, पण ते दुसरीच कुणी बाई करते आहे आणि आपण ओटीवर बसून बघतो आहोत असं वाटायचं. आमटी खारट झाली की अळणी, हेसुद्धा तिला अक्कानं सांगितल्यावर कळे.

मास्तर गेले ते पंच्याऐंशी सालच्या जानेवारीत. शाळाशाळांच्या हिवाळी स्पर्धा तोंडावर आलेल्या आणि मास्तरांना मैदान आखायचं होतं. सकाळी चुन्याची बादली घेऊन ते निघाले तेव्हा आनंदी म्हणाली, "पेज जेवन जावा." "रेषा मारून येतंय, मगे जेवतंय," मास्तर म्हणाले. अर्धी रेषा झाली आणि मास्तर तिच्यावरच आडवे झाले. पोरं धावत सांगायला आली. आनंदी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मास्तरांच्या सदऱ्याची बाही चुन्यात भिजलेली होती, आणि तिच्या मनात आलं ते एवढंच, की हा चुना आता धुऊन जायचा नाही. घरी चुलीवर पेज ताटलीखाली तशीच होती. ती तिनं गाईला घातली.

तेव्हापासून ती मास्तरांविषयी फारसं बोललीच नाही. आधीही ती त्यांना नावानं कधी हाक मारत नसे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आपल्याकडची रीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. घरात 'हे' आणि शाळेत 'मास्तर', यावर तिची वीस-बावीस वर्षं निभली. मास्तर गेल्यावर सगळा गावही 'मास्तर', 'मास्तर' असंच म्हणत राहिला. अक्का 'माझो भाव' म्हणायची आणि तेवढ्यानंच रडायला लागायची.

आता मास्तरांच्या फुटबॉलविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मास्तर लहानपणी गोव्यात, पेडण्याला मामाकडे राहिले होते. तिथं तो खेळ त्यांच्या डोक्यात शिरला आणि मरेपर्यंत निघाला नाही. आमच्या इकडची पोरं क्रिकेटवाली. माडाच्या झावळीचा देठ तासला की झाली बॅट. पण मास्तरांनी मनावर घेतलं, कोल्हापूरहून खरा चामड्याचा फुटबॉल आणवला, आणि पोरांना शिकवायला लागले. आपल्याकडे पोरांना काहीही शिकवायचं म्हटलं की आधी रांग लावतात. बाराखडीला रांग, लस टोचायला रांग. मग फुटबॉलला नको? सगळा वर्ग एकामागे एक उभा. पुढच्यानं यायचं, मास्तर ओरडणार, "डावो पाय चेंडवाच्या बाजूक! नजर खाली! ढोपार वाकव! टोकान मारू नको, मेल्या!" मग त्यानं लाथ मारायची, चेंडू आणून द्यायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. अख्ख्या तासात एकेकाच्या वाट्याला दोन लाथा आल्या तरी नशीब. उरलेल्या वेळात पोरं पुढच्याच्या मानेवरच्या मुंग्या बघत. मुलींना तर रांगही नव्हती. त्यांनी कडेला लंगडी घालायची.

दर वर्षी पाणंदवाडीची शाळा पहिल्याच सामन्यात हरे. "आमची पोरां उभी मात्र बरी र्‍हवतत हां," असं गावचे मानकरी, गावकार अप्पा, मास्तरांना चिडवत. मास्तर चिडत नसत. ते म्हणत, "जागा लहान पडता, अप्पा. माका एकदा पुरा मैदान गावांदे, मगे बघा." पोरांवर त्यांचा जीव होता, यात शंकाच नाही. सामना हरून येताना पाय मोडलेल्या पोराला ते पाठुंगळी घेऊन आले होते. पण शिकवायचं म्हणजे आपण बोलायचं आणि पोरांनी ऐकायचं, यापलीकडे त्यांना काही माहीत नव्हतं, आणि सांगणारं कुणी नव्हतं. आनंदी दुसरीच्या वर्गाच्या खिडकीतून हे सगळं बघत असे. पोरांना जरा नुसतं खेळू द्या की, असं तिला एक-दोनदा म्हणावंसं वाटलं. पण ते पडले फुटबॉलमधले, आणि आपण पाढेवाल्या. ती बोलली नाही.

मास्तर गेल्यावर हेडमास्तर सत्यवान गुरुजी तिच्याकडे आले. शाळेच्या आवारात ते नेहमी छापील बोलत. "बाई, नवीन शिक्षक मिळेपर्यंत पी.टी.चा तास आपणच घ्यावा. शिट्टी आपल्या घरातच आहे." आनंदी बरं म्हणाली. नाही म्हणायलाही अंगात काहीतरी लागतं. तिनं शिट्टी गळ्यात घातली, रांग लावली आणि मास्तरांचीच वाक्यं म्हणायला लागली. डावा पाय बाजूला, नजर खाली, गुडघा वाकव. वीस वर्षं खिडकीतून ऐकलेली वाक्यं तिला पाढ्यांसारखी पाठ होती, आणि ती म्हणताना विचार करावा लागत नसे. वर्ष-दीड वर्ष तसंच गेलं.

मग शहाऐंशीचा पावसाळा आला.

कोकणात पावसाचे चार महिने घरातल्या प्रत्येक वस्तूवर बुरशी चढते. कपाटातल्या साड्यांवर, देवाच्या तसबिरीवर, माणूस फार वेळ हलला नाही तर त्याच्यावरसुद्धा. म्हणून जे जपायचं ते चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या फळीवर जातं. बियाणं, सुकी मासळी, काडेपेट्या, नारळ. आनंदीनं फुटबॉल तिथंच ठेवला, सुकटीच्या पुडक्याशेजारी. मास्तर दर पावसाळ्यात चेंडवाला तेल लावून, फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवत. ते तिला आठवलं नाही. जपायची वस्तू धुरावर ठेवायची, एवढं तिच्या हातांना माहीत होतं आणि त्या दिवसांत तिचं सगळं हातांवरच चाललं होतं.

दिवाळीनंतर शाळा उघडली. चेंडू काळा पडलेला आणि त्याला सुकटीचा वास. बाबू नावाचा पोरगा रांगेत पहिला होता. त्यानं डावा पाय बाजूला ठेवला, नजर खाली केली, गुडघा वाकवला आणि लाथ मारली. पापड मोडावा तसा आवाज झाला. चामडं उभं फाटलं आणि आतली रबराची पिशवी जिभेसारखी बाहेर आली. पोरं सगळी बाईंच्या तोंडाकडे बघायला लागली.

"पुढचो," आनंदी म्हणाली. सवयीनं म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं, की पुढच्यानं लाथ मारायची ती ज्याला, तो चेंडूच आता नाही.

घरी अक्कानं ती फाटकी कातडी मांडीवर घेतली आणि गळा काढला. "माझ्या भावाची येक वस्तू सांभाळूक जमली नाय गो तुका?"

"धुरार ठेयलंय. बुरशी येव नये म्हणान."

"अगो, चामडां तां! काय सुको बांगडो?"

कुणालाही हसू यावं असं ते होतं, किंवा रडू तरी. आनंदीला दोन्ही आलं नाही. तिनं कातडी अक्काच्या मांडीवरून उचलून परत फळीवर ठेवली, कारण दुसरीकडे कुठं ठेवायची ते सुचेना.

शाळेपुढच्या जागेत त्याच सुमारास नव्या खोलीचे चिरे येऊन पडले. म्हणजे चेंडू गेला आणि जागाही गेली. पण पी.टी.चा तास काही गेला नाही. पोरांना कुठंतरी न्यायला हवं, म्हणून आनंदी त्यांना शाळेखालच्या अप्पांच्या कुणग्यांत घेऊन गेली. कुणगा म्हणजे भातशेतीचा लहानसा तुकडा. चारी बाजूंनी गुडघाभर मातीचा बांध, त्याला इकडे मेर म्हणतात. असे दहा-बारा कुणगे एकाला एक लागून खाडीपर्यंत उतरत गेलेले. भात कापून झालेलं, जमीन सुकून टणक, मधे कापलेल्या भाताचे खुंट. पोरांनी घरून जे मिळेल ते आणलं. कुणाचा रबरी चेंडू, कुणी चिंध्यांवर सायकलची ट्यूब बांधून केलेला. एकानं झाडावरचं तोरंजन, म्हणजे पपनस, आणलं, ते एका दिवसात फुटलं आणि सगळ्यांनी खाल्लं.

"रांग लावची, बाई?" बाबूनं विचारलं.

रांग लावायची म्हणजे ओरडायला हवं. तेवढी ताकद त्या दिवशी तिच्यात नव्हती. "नको. जावा, खेळा खंय तां," ती म्हणाली आणि मेरेवर बसली.

पोरं एकमेकांकडे बघत राहिली. खेळा म्हणजे काय करायचं हे फुटबॉलच्या तासाला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग एका कुणग्यात तीन-चार उतरली, दुसऱ्यात तीन-चार. सगळ्यांना एका कुणग्यात जागाच नव्हती. दोन चपला ठेवून गोल झाले. कडेला लंगडी घालणाऱ्या मुली जरा वेळ बघत उभ्या राहिल्या. एका कुणग्यात एक गडी कमी पडला तेव्हा जानकी परकर खोचून आत उतरली. तिला कुणी बोलावलं नाही आणि कुणी हाकललंही नाही.

आनंदी रोज त्या मेरेवर बसू लागली. सुरुवातीला ती फक्त बसायची, डोळे उघडे म्हणून समोरचं दिसायचं एवढंच. पण डोळे हे लबाड असतात. मालकीण आत नसली तरी ते आपले हलत्या वस्तूमागे जातात. हळूहळू तिला दिसायला लागलं. खुंटावर चेंडू वेडावाकडा उडे, म्हणून पोरं त्याला तळव्याखाली दाबून धरायला शिकली. मारायला जागा नव्हती, म्हणून समोरच्याला हुलकावणी द्यायला शिकली. मेर होती म्हणून चेंडू लांब जात नसे, आणि आणायला पळण्यात वेळ जात नसे. कुणी उभं राहत नव्हतं. चौघांत एक चेंडू, मग तो पुन्हा पुन्हा पायाशी येणारच. एक बाजू भारी झाली की पोरं आपणच गडी बदलत, नाहीतर खेळात मजा राहत नाही. भांडणं व्हायची, सणकून व्हायची, आणि खेळ थांबतो म्हणून लगेच मिटायची. बाबू, ज्याला टोकानं मारतो म्हणून वर्षभर बोलणी बसली होती, तो आता टोकानं, टाचेनं, ज्यानं जमेल त्यानं चेंडू काढत होता. जानकी तर त्याच्या दोन्ही पायांमधून चेंडू घालून पलीकडे जाई आणि वर दात दाखवी.

"बाई, ह्यां कसां करूचां?" एखादं पोर विचारे.

"माका काय म्हायत? तूच बघ," आनंदी म्हणे. हे अगदी खरं उत्तर होतं. पोर परत जाई आणि दोन दिवसांत त्याचं त्यालाच जमे.

एके दिवशी शाळेची घंटा झालेली तिला ऐकू आली नाही. गुरुजींनी वरून शिपाई पाठवला तेव्हा ती उभी राहून, मान लांब करून खालच्या कुणग्यातला गोल बघत होती. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "आमटेक मीठ जास्त झालां आज." अक्काचा घास हातातच राहिला. दीड-दोन वर्षांत पहिल्यांदा आनंदीनं स्वतःहून चव सांगितली होती.

पण त्याच रात्री तिच्या मनात दुसरंही आलं. पोरं अशी शिकतात, तर मग ह्यांनी वीस वर्षं काय केलं? तो विचार तिनं पुरा केला नाही. मेलेल्या माणसाची चूक काढणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारणं, असं लहानपणापासून ऐकलेलं. तिनं ताट उचललं आणि भांडी घासायला गेली.

डिसेंबरात काशिनाथ आला. मास्तरांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. वास्कोला बंदरात नोकरीला होता आणि तिथल्या कामगारांच्या टीममध्ये खेळायचा. कोरा करकरीत चामड्याचा चेंडू घेऊन तो आला, बाईंच्या पाया पडला आणि फाटका चेंडू बघून लहान पोरासारखा रडला. मग अप्पांकडे जाऊन बसला. दोघांनी मिळून जे ठरवलं ते ऐकून सगळी वाडी हरखली. अप्पा शाळेखालचे कुणगे देणार. मेरा मोडून, जमीन सारखी करून तिथं पुरं मैदान करायचं. नाव जयराम मास्तर क्रीडांगण. मास्तरांच्या दुसऱ्या वर्षदिनी नारळ ठेवायचा, आणि मेरेवर पहिली कुदळ आनंदीबाईंच्या हातची.

"तेचां सपान होतां गो तां," अक्का म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. "पुरा मैदान गावांदे म्हणायचो."

"व्हय," आनंदी म्हणाली.

काशिनाथनं महिनाभर रजा काढली होती. वर्षदिनी गावापुढे दाखवायला म्हणून त्यानं पोरांना हातात घेतलं. मास्तरांच्या नावाचं काम, म्हणजे मास्तरांच्याच पद्धतीनं. रांग लागली. मुली परत कडेला गेल्या. "नजर खाली! ढोपार वाकव!" तीच वाक्यं, तोच सूर. आनंदी मेरेवर बसून ऐकत होती आणि तिला पुन्हा काही वाटेनासं झालं. पहिले दोन दिवस नव्या चेंडवाच्या कौतुकात गेले. मग कुणाचं पोट दुखू लागलं, कुणाला गुरं सोडायची आठवण झाली. बाबू रांगेत उभा राहून कावळे मोजी.

एक दिवस तिनं काशिनाथला विचारलं, "तू खंय शिकलंस रे खेळूक?"

"पायो मास्तरांनी घातलो, बाई."

"तां झालां. पण शिकलंस खंय?"

काशिनाथ हसला. "वास्कोक. कामार्‍हसून सुटल्यार गोदीमागच्या बोळात. थंय कसली रांग? उभ्यां र्‍हवाक जागा नाय. पाच जण इकडे, पाच तिकडे, काळोख पडासर." आणि शिट्टी फुंकून तो पुन्हा रांगेकडे गेला. आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. आनंदीच्या मात्र कानात ते बसलं.

त्याच संध्याकाळी जानकी तिच्यापाशी मेरेवर येऊन बसली. "बाई, मेरो मोडल्यार आमी खंय खेळाचां?"

पुरं मैदान झालं की एक चेंडू, एक रांग, आणि मुली कडेला. हे जानकीला कळत होतं आणि आनंदीलाही. कुदळ मारली तर हा खेळ संपला. आणि नाही मारली, तर ज्या माणसाच्या नावानं गाव जमणार, तो चुकला होता असं त्याच्या बायकोनं गावापुढे सांगायचं.  तिनं पोरीच्या परकराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढून टाकली.

वर्षदिनाच्या सकाळी गाव जमला. गुरुजी कोट घालून आले. बायका एका बाजूला, त्यांच्यात पुढे अक्का. मेरेवर नारळ, विडा, हळदकुंकू. आपल्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. देवाला मोठ्यानं सांगायचं, आम्ही हे करतो आहोत, सांभाळ. आणि जमलेल्यांनी दर ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा गाऱ्हाणं घातलं की ते काम सोडून देता येत नाही, देव मधे पडलेला असतो. अप्पांनी टोपी सारखी केली, हात जोडले.

"बा देवा लक्ष्मीनारायणा, आज तुझी लेकरां हयसर जमलेली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या मास्तरांच्या नावान ह्यां मैदान होतां हा, तेच्यार तुझी नजर आसांदे..."

"व्हय म्हाराजा!"

कुणीतरी आनंदीच्या हातात कुदळ दिली. तिनं ती धरली. समोरच्या कुणग्यात काशिनाथनं पोरांना उभं करण्यासाठी चुन्याची रेषा मारली होती. ओला चुना. अजून वास येत होता. रेषा कुणग्यातून निघून मेरेवर चढली होती, पलीकडे उतरली होती, आणि तिच्यावर पोरं ओळीनं उभी होती. शेवटी बाबू, वर कावळ्यांकडे बघत.

चुन्याचा वास तिच्या नाकात गेला आणि खाली कुठंतरी आत उतरला.

"थांबा," ती म्हणाली.

अप्पा गाऱ्हाण्याच्या मधेच थांबले. असं कधी कुणी केलं नव्हतं.

"जयराम मास्तरांचां चुकलां," आनंदी म्हणाली. वर्गात हजेरी घेताना म्हणावं तसं, खणखणीत. बायकांत एकदम कुजबुज उठली आणि तितकीच एकदम बंद पडली. "रांगेत उभी करून पोरांक खेळ येणा नाय. खेळल्यार येता. चार पोरां, एक चेंडू आणि ही येवढीशी जागा, इतक्यांच होयां. माका तेवाच दिसत होतां, खिडकीतसून. मी सांगूक नाय." ती श्वास घ्यायला थांबली. थांबायला नको होतं, कारण मग पुढचं तिनं ठरवलेलं नव्हतं तेच आलं. "पेज जेवन जावा म्हटलंय. आयकलात काय तुमी? रेषा मारून येतंय म्हणालात. रेषा! कोणी सांगलेली तुमका रेषा मारूक? जयराम मास्तर, कोणाक होई होती ती रेषा? पेज निवली थंय..."

आणि ती मेरेवर बसली आणि रडली. मांडीवर कुदळ घेऊन, तोंड उघडं टाकून, नाक पुसायचंही भान न ठेवता रडली. राग होता तो. इतकी वर्षं ज्याला जेवण वाढलं, तो माणूस न जेवता निघून गेला याचा राग.

 माणूस गेल्यावर काय करायचं ते गावाला पाठ असतं. गेलेल्या नवऱ्याशी सगळ्यांदेखत भांडणाऱ्या बाईचं काय करायचं, ते कुणी शिकवलेलं नसतं. काशिनाथ खाली मान घालून उभा राहिला. मग त्यानं पायानं ती चुन्याची रेषा पुसायला सुरुवात केली. अप्पा मात्र गावकार. अर्धं गाऱ्हाणं देवाच्या दारात लटकत ठेवता येत नाही. त्यांनी पुन्हा हात जोडले.

"आणि बा म्हाराजा," ते म्हणाले, "जां काय चुकलां-माकलां आसात तां पोटात घाल. आणि ह्यो मेरो आसत तश्योच र्‍हवांदेत!"

 आधी कुणग्यातून पोरं ओरडली, "व्हय म्हाराजा!" आणि मागून गावानंही म्हटलं.

नारळ फुटला. रांग कधी मोडली ते कळलं नाही. पोरं कुणग्याकुणग्यांत उतरली, जानकी परकर खोचत होती. नवा चामड्याचा चेंडू या कुणग्यांना मोठाच होता. काशिनाथनं तो मेरेवर ठेवला आणि चिंध्यांच्या चेंडवामागे धावला.

अक्का आनंदीजवळ येऊन बसली. आनंदीला वाटलं, आता ही बोलणार. भावाला गावापुढे चुकला म्हटलं, वर रीत मोडली.

"तेचां नाव घेतलंस गो तू," अक्का म्हणाली.

"घेतलंय अक्का. तोंडातसून गेलां."

अक्काचे डोळे कोरडे होते. दोन वर्षांत ते असे कुणी पाहिले नव्हते. तिनं आपल्या पदरानं आनंदीचं नाक पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं.

"मगे आणि एकदा घे," ती म्हणाली. "घरात कोणीच घेणा नाय आता. माका आयकाचां आसा."

आनंदीनं घेतलं. या वेळी नावापुढे तिनं मास्तर जोडलं नाही.